आजोबांचा पाव फेरा

जरा पाठीवर आडवे व्हा पाहू. खरंखुरं नको, मनातल्या मनात. पाठीखाली जुनं गोणपाट आहे आणि गोणपाटाखाली थंडगार फरशी. नाकापासून हातभर अंतरावर एका ट्रॅक्टरचं पोट आहे. डिझेल, ग्रीस आणि ओली माती असा तिन्हींचा मिळून एक वास येतोय. आता उजवा हात वर करा. अंगठ्याएवढा जाड एक बोल्ट लागेल. त्याच्यावर बरंच तेल आहे, आणि ते तेल आत थोपवून धरायचं काम हा एकटा बोल्ट करतो. तुमच्या हातात पाना आहे. तुमचं वय बारा. आणि बाहेर तुमचे बाबा कुणाला तरी सांगताहेत, "आजचा बोल्ट आमची लेक आवळणार. एकटी."

फुगली ना छाती? तिचीही फुगली होती.

ती म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची मुलगी. गॅरेजात तिला सगळे 'दहानंबर' म्हणत. दहा नंबरचा पाना कुठल्याही गॅरेजात कधी जागेवर सापडत नाही, आणि ही पोरगीही तशीच. आता इथे होती, आता नाही. हाक मारावी तर कुठल्या तरी यंत्राखालून दोन पाय बाहेर दिसायचे. "दहानंबर सापडली!" असं कुणी ओरडलं की ती तोंडाला काळं लागलेल्या अवस्थेत हसत बाहेर यायची.

गॅरेज तिच्या आजोबांनी सुरू केलं होतं. आजोबा आता नव्हते. पण त्यांची एक रीत होती. कुठलाही बोल्ट पूर्ण आवळून झाला की पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप अडकवायचा, म्हणजे दांडा लांब होतो आणि जोर दुप्पट लागतो. मग सगळा भार टाकून आणखी पाव फेरा द्यायचा. याला गॅरेजात 'आजोबांचा पाव फेरा' म्हणत. तो फेरा बसला की बोल्ट 'कर्र' असा कण्हायचा. "कण्हला की समजायचं, आता हा आपल्या बापालाही सुटत नाही," असं आजोबा म्हणत. आणि खरंच, या गॅरेजात आवळलेला बोल्ट वाटेत सुटला असं गेल्या चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. निदान बाबा तसं सगळ्यांना सांगत.

अंगणात आजोबांच्या वेळचा एक ट्रॅक्टर अजून उभा होता. त्याचं नाव गेंडा. त्याचं सगळं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बॉनेट जाड पत्र्याचं. त्याला पोचा पडला की आतून लाकडी ठोकळा लावून बाहेरून हातोडी मारायची, की झाला सरळ. दहानंबर त्याच्या बॉनेटवर बसून गृहपाठ करायची. सगळं शिकली ती गेंड्यावर.

आणि नेमका तिथेच घोटाळा झाला.

झालं असं, की रस्त्यापलीकडे रोपांची एक मोठी नर्सरी होती. नर्सरीवाल्या मावशींनी त्या वर्षी नवा छोटा ट्रॅक्टर घेतला. लिंबासारखा पिवळा, दोन वाफ्यांच्या मधून सहज जाईल एवढा अरुंद. चालवायला त्यांचे जुने ड्रायव्हरकाका. काकांनी उभं आयुष्य मोठे ट्रॅक्टर चालवण्यात घालवलं होतं. पन्नास तास काम झालं की पहिलं तेल बदलायचं असतं, म्हणून ते तो घेऊन गॅरेजात आले.

"मिस्त्री, हे बघा काय दिलंय मला," उतरता उतरता काका म्हणाले. "ट्रॅक्टर म्हणायचं की शिवणयंत्र? गिअर नाही, क्लच नाही. पाय पुढे दाबला की पुढे, मागे दाबला की मागे. आणि रुसका किती! मागे बघायला सीटवरून जरा उठलो की लगेच बंद पडतो."

"सीटखाली बटण असतं काका. माणूस पडला तर यंत्र त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून."

"मला पाडणारं यंत्र अजून जन्मायचंय."

बाबांनी बॉनेटवर टकटक केलं. आवाज आला तो पत्र्याचा नव्हे, बादलीचा. "प्लास्टिक!" बाबा म्हणाले. "घ्या. आता ट्रॅक्टर धुवायचा की त्यात पाणी भरून ठेवायचं?"

सगळे हसले. दहानंबर सर्वांत मोठ्याने हसली.

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या प्लास्टिकमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. ते गंजत नाही. किरकोळ धक्का बसला तर आपलं आपण परत जागेवर येतं. आणि पोटातली पेटी, जिच्यातल्या तेलाच्या दाबाने चाकं फिरतात, ती बिडाऐवजी अॅल्युमिनिअमची केली होती. का? तर ती हलकी. यंत्र जड असलं की चाकाखाली माती दबते आणि दबलेल्या मातीत रोपांच्या मुळांना श्वास घेता येत नाही. शिवाय अॅल्युमिनिअम लवकर थंड होतं. कुणीतरी शहाण्या माणसांनी बसून बराच विचार केला होता. फक्त हे अॅल्युमिनिअम बिडापेक्षा मऊ असतं, आणि मऊ वस्तूशी वागायची पद्धत वेगळी असते.

हे सांगायला कंपनीने मिस्त्री लोकांना एक दिवस शिकायला बोलावलं होतं. बाबा गेलेही होते. मागच्या बाकावर बसले आणि परत येताना एक लाल पेटी घेऊन आले. पेटीत टॉर्क रेंच होता, म्हणजे किती जोर लावला ते मोजणारा पाना. आकडा लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की तो 'टक्' करून सांगतो, बस. बरोबर एक पुस्तिका होती. कुठल्या बोल्टला किती न्यूटन-मीटर, याची तिच्यात यादी.

"न्यूटनला म्हणावं, तू तुझी सफरचंदं सांभाळ," बाबा म्हणाले होते आणि पेटी फळीवर टाकली होती. "आमचा हात हाच आमचा आकडा." त्या दिवसापासून पेटीवर धूळ साचत होती.

तर ट्रॅक्टर जॅकवर उचलला आणि दहानंबर गोणपाटावर आडवी झाली. तेल काढलं, फिल्टर बदलला, बोल्ट पुसला, नवा वॉशर घातला. सगळं नीट. बोल्ट हाताने फिरवत नेला, मग पान्याने आवळला. घट्ट बसला.

"फेरा दे गं आजोबांचा!" बाहेरून बाबांची हाक आली.

तिने पाइप अडकवला. दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि सगळा भार टाकला. कर्र होण्याची वाट पाहिली.

कर्र झालंच नाही. बोल्ट आधी हटून बसला आणि मग अचानक मऊ पडला. लोण्यात सुरी जावी तसा पाना गोल फिरला.

तिने बोल्ट सोडवला. त्याच्यासोबत एक चांदीसारखी चकचकीत, वेटोळी तार बाहेर आली. पेन्सिलीला टोक काढताना साल निघते तशी. तेलाच्या पेटीच्या भोकातले आटे होते ते. आटे म्हणजे बोल्ट ज्यात अडकून बसतो त्या गोल गोल खाचा. त्या आता भोकात नव्हत्या, तिच्या तळहातावर होत्या.

तेव्हाच जर ती ओरडली असती, "बाबा, आटे गेले!" तर ही गोष्ट इथेच संपली असती. अशी भोकं दुरुस्त होतात. नवे पोलादी आटे बसवतात. एक दिवसाचं काम.

पण बाहेर बाबा काकांना सांगत होते, "बारा वर्षांची आहे, पण हात बघा तिचा! आमच्या बापाचा हात उतरलाय." आणि काका म्हणत होते, "मग काय तर! माझं यंत्र मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही आता."

ती हे ऐकत पडून राहिली. मग नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप तिने खिशातून काढली, बोल्टला चांगले पाच-सहा वेढे दिले आणि बोल्ट भोकात दाबून फिरवला. तो बसला. म्हणजे बसल्यासारखा दिसला. तेल भरलं. थेंबही गळला नाही. ती वेटोळी तार तिने हळूच कंपासपेटीत ठेवली, कोनमापकाखाली.

"कण्हला का?" बाबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

काकांनी जाताना तिच्या हातावर हात आपटला. मोठ्या माणसांच्यात करतात तसा. तो हात तिने दिवसभर फ्रॉकला पुसला, तरी काकांचा हात लागलेला जातच नव्हता.

पुढचे काही दिवस ती शाळेतून येताना रस्त्यापलीकडे बघायची. पिवळा ट्रॅक्टर वाफ्यांमधून जा-ये करत असायचा. दिसला की तिला हायसं वाटायचं. मग तिने स्वतःची समजूतही घातली, की बसला बहुतेक. टेपने धरलं असेल. वस्तूंनाही कधीकधी आपली दया येत असेल.

वस्तूंना कुणाची दया येत नाही. त्या आपल्या नियमाने चालतात. म्हणून तर त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

नवव्या दिवशी दोन माणसांनी ढकलत ट्रॅक्टर गॅरेजात आणला. मागून काका, आणि काकांच्या मागून नर्सरीवाल्या मावशी. मावशींची चप्पल तेलाने माखली होती.

"मिस्त्री, एका वाफ्याची वाट लागली," मावशी म्हणाल्या. "चारशे रोपं. मुळापर्यंत तेल गेलंय. उपटूनच टाकावी लागणार."

"अचानक पाय दाबला तरी हलेना," काका म्हणाले. "मी तिथल्या तिथे बंद केला. खाली बघतो तर तेलाचं तळं. बोल्टच नाही जागेवर!"

बाबा तो जॅकवर उचलून खाली शिरले. टॉर्च मारून पाहिलं. दहानंबर गेंड्याच्या बॉनेटवर वही घेऊन बसली होती. वहीतली ओळ तिला दिसत नव्हती.

"दगड लागलाय," बाबा आतून म्हणाले.

"दगड?" काका म्हणाले. "मी दगडावर घातलाच नाही."

बाबा बाहेर आले, हात पुसत. "काका, वाफ्याच्या कडेला तुम्ही दगड लावलेत की नाही? जुन्या ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून हातभर वर असायचं. याचं वीतभर. तुमच्या अंगात सवय जुन्याची. गेला असेल एखादा घासून, कळलंही नसेल."

"मिस्त्री, मला कळणार नाही? बोल्ट सुटला असेल."

बाबांचा चेहरा बदलला. "आमच्याकडचा बोल्ट सुटत नाही. आजोबांचा फेरा दिलेला असतो. काय गं, दिला होतास ना पाव फेरा?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. बाबा, काका, मावशी, ती ढकलणारी दोन माणसं.

"दिला होता," दहानंबर म्हणाली.

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला काट्यासारखं रुतलं. खोटं बोलल्यावर निदान आपण खोटं बोललो एवढं तरी आपलं आपल्याला कळतं. तिने खरंच सांगितलं होतं आणि ते खोट्याहून वाईट होतं.

"बघा," बाबा म्हणाले.

मावशी काही रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, किल्ली द्या. माझा भाचा चालवेल काही दिवस. तुम्ही पाणी घालायचं बघा. डोळेही तपासून घ्या एकदा."

काकांनी खिशातून किल्ली काढली. तिला एक छोटं रबरी चाक लावलेलं होतं, त्यांच्याच कुठल्या तरी जुन्या ट्रॅक्टरच्या पंख्याच्या पट्ट्यातून कापलेलं. ते त्यांनी सोडवून घेतलं आणि नुसती किल्ली मावशींच्या हातावर ठेवली. ढकलायला आलेल्या दोघांपैकी एक जण पुटपुटला, "म्हातारपण, दुसरं काय." ते काकांना ऐकू गेलं. गेंड्यावर बसलेल्या दहानंबरलाही ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आईने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "पोटात दुखतंय." आईने ओवा दिला. ओवा खाऊन जाण्यातलं ते दुखणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत भूमितीचा तास होता. बाईंनी कोनमापक काढायला सांगितलं. तिने कंपासपेटी उघडलीच नाही. "विसरले," म्हणाली आणि वर्गाबाहेर उभी राहिली. बाहेर उभं राहणं तिला बरं वाटलं. कुणीतरी कशासाठी तरी शिक्षा केली होती.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ती बाबांना नटबोल्ट वेगळे करायला मदत करत होती, तेवढ्यात काका आले. चालत. एरवी ते लांबूनच आवाज द्यायचे, "मिस्त्री, जिवंत आहात का?" आज गुपचूप येऊन दाराशी उभे राहिले. पँट गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, नखांत माती.

"मिस्त्री, सापडला," ते म्हणाले आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

रुमालात बोल्ट होता.

"दोन दिवस शोधत होतो. वाफ्यातली माती चाळणीने चाळली. रॉकेलमध्ये बुडवून धुतलाय, स्वच्छ झालाय बघा." त्यांनी तो रुमालावरच ठेवून पुढे केला. "नवा मागवायला आठवडा जाईल म्हणत होतात ना? हा चालेल. माझ्या हातून झालं, निदान एवढं तरी करावं म्हटलं."

"अहो काका, तुमच्या हातून..." बाबा सुरुवात करून थांबले.

"नाही, तुमचं बरोबर होतं. मी विचार केला. लागला असेल दगड. आताशा कानालाही कमी ऐकू येतं. खाली काही घासलं तर कळायचं नाही." ते जरासे हसले. "माणसाने वेळेवर उतरावं सीटवरून. नाहीतर यंत्रच बंद पडतं, काय?"

ते वळले. जाताना दहानंबरकडे बघून म्हणाले, "तुझा बोल्ट गं. मी हरवला होता, आणून दिला. रागावू नकोस हां."

दहानंबरच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. तिला वाटलं, गेंड्याचं बॉनेट उघडावं आणि आत शिरून वरून लावून घ्यावं. शरम वाटली की अंग लहान लहान होत जातं म्हणतात. तिचं तसं होईना. उलट ती मोठी मोठी होत होती, सगळ्या गॅरेजात मावेनाशी. कुठेही बघावं तर तीच.

बाबा बोल्ट उजेडात धरून फिरवत होते. रॉकेलने सगळं निघालं होतं. पण आट्यांच्या तळाशी पांढऱ्या टेपचा एक धागा अजून चिकटला होता. बाबांनी तो नखाने ओढला. लांब निघाला.

"ही टेप कुणी लावली?"

"मी."

तिने कंपासपेटी आणली, कोनमापक बाजूला केला आणि ती वेटोळी तार त्यांच्या हातावर ठेवली. बाबांनी ती बोल्टवर धरली. खाचेत खाच बरोबर बसली.

"फेऱ्याच्या वेळी?" बाबांनी विचारलं.

"हो. कण्हला नाही. एकदम मऊ पडला."

बाबा फळीपाशी गेले. लाल पेटी खाली घेतली, तिच्यावरची धूळ हाताने पुसली आणि पुस्तिका उघडली. चष्मा नव्हता म्हणून पान लांब धरलं. बोट खाली खाली नेत गेले, एका ओळीवर थांबले. मग त्यांनी टॉर्क रेंचला तो आकडा लावला आणि कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यात एक जुना बोल्ट पकडून आवळून पाहिला. टक्.

"एवढंच?" ते स्वतःशीच म्हणाले. परत केलं. टक्. "एवढंच हवं होतं. पाइपने आपण याच्या तिप्पट देतो." ते स्टुलावर बसले. मान खाली. तिने बाबांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "त्यांनी शिकवलं होतं गं हे. मागच्या बाकावर बसून मी शेजाऱ्याला विनोद सांगत होतो."

"बाबा..."

"तुझी चूक नाही. मी सांगितलं तेच केलंस तू."

"फेरा तुम्ही सांगितला होता," ती म्हणाली. "टेप नव्हती सांगितली."

बाबांनी उठून उगाच चार पाने सरळ लावले. मग म्हणाले, "हे बघ. मी आजच नवे पोलादी आटे बसवतो. यंत्र पहिल्यासारखं होईल. मावशींना सांगू, दुरुस्तीचं काही देऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी मीच विषय काढतो, काकांना परत बसवा म्हणून. सगळं शांत झाल्यावर. आत्ताच जाऊन... चाळीस वर्षांचं नाव आहे. लोक काय म्हणतील?"

"काकांचंही होतं," ती म्हणाली.

"काय?"

"नाव."

बाबा दुसरीकडे बघायला लागले. त्यांचेही कान लाल झाले होते, अगदी तिच्यासारखेच. हात उतरला होता की नाही कोण जाणे, कान मात्र उतरले होते.

दहानंबरने बोल्ट रुमालात बांधला. तार परत कंपासपेटीत ठेवली आणि पेटी खिशात. भिंतीला टेकवलेली सायकल घेतली. तिला वाटलं बाबा हाक मारतील. तिने मुद्दाम सावकाश सायकल वळवली, म्हणजे हाक मारली तर ऐकू यावी, आणि ऐकू आली तरी थांबायचं नाही हे ठरवायला वेळ मिळावा. हाक आली नाही. ती रस्ता ओलांडत होती तेव्हा मागे खडखडाट झाला. गॅरेजचं शटर खाली येत होतं. भर दुपारी ते शटर बंद झालेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिने मागे वळून बघितलं नाही.

नर्सरीच्या फाटकातून आत गेल्यावर आधी तो वाफा लागला. रोपं उपटून टाकली होती, मातीवर काळा डाग होता. पुढे मावशी रोपांच्या पाट्या मोजत उभ्या होत्या. त्यांच्या कमरेला किल्ली लटकत होती. पलीकडे काका झारीने पाणी घालत होते, पाठमोरे. आणि त्या बाजूला सावलीत चार-पाच जण पिशव्यांत माती भरत बसले होते. ट्रॅक्टर ढकलायला आलेले ते दोघेही त्यांच्यातच होते.

"काय गं दहानंबर?" मावशी म्हणाल्या. "झाला का ट्रॅक्टर?"

"नाही. मला सांगायचंय काहीतरी."

"मग सांग ना. आत बसू या का? पाणी पितेस?"

आत खोली होती. खोलीला दार होतं. आत गेलं की दार लावता आलं असतं आणि मावशींच्या कानात सांगता आलं असतं.

पण काकांची किल्ली काही दार लावून काढून घेतली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "इथेच."

तिने सायकल स्टँडवर लावली. रुमालाची गाठ सोडली, बोल्ट डाव्या हातात घेतला, त्याच्याशेजारी ती चांदीसारखी वेटोळी तार ठेवली. मग उजव्या हाताने सायकलची घंटी वाजवली. एकदा. दोनदा. माती भरणाऱ्यांचे हात थांबेपर्यंत, काका झारी खाली ठेवून मागे वळेपर्यंत ती घंटी वाजवत राहिली. सगळे बघताहेत अशी खात्री झाल्यावर तिने हात पुढे केला आणि बोलायला सुरुवात केली.